राऊतबाईंचा कंपायलर

पडद्यावर एररची रांग लागली की आम्ही सगळे शेवटची ओळ वाचायचो, कारण तीच डोळ्यांसमोर असायची. राऊतबाई तसं कधी करत नसत. त्या शांतपणे मागे मागे जात अगदी पहिल्या ओळीपाशी यायच्या, बातम्या वाचाव्यात तशा आवाजात ती वाचायच्या आणि म्हणायच्या, "एवढीच चूक झालीय. बाकीच्या हिच्या मागोमाग आल्यात." मग ती एक दुरुस्त करायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. घाबरलेल्या मुलांना हे ऐकून असा काही धीर यायचा, की माझ्या बॅचची मुलंसुद्धा कागद घेऊन त्यांच्याच टेबलाशी जाऊन उभी राहायची.

पालघर-बोईसर रस्त्यावरच्या एका खासगी तंत्रनिकेतनात आम्ही दोघी शिकवत होतो. नव्वदच्या दशकाची पहिली वर्षं होती. मी नुकतीच लागले होते, त्या माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. बाकी आम्ही सगळ्या 'मॅडम' होतो. त्या एकट्या 'बाई', कारण आधी काही वर्षं त्यांनी केळव्याच्या शाळेत गणित शिकवलं होतं आणि तिथली मुलं आमच्याकडे आली तरी त्यांना बाईच म्हणत राहिली. त्यांचं ऐकून मग सगळेच म्हणायला लागले. घर केळव्यालाच होतं. सुपारीची लहानशी वाडी, सासू आणि नवरा. मूल नव्हतं. 

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने आपला डिझाइन विभाग मुंबईला हलवला आणि तिथली जुनी मशीनं आम्हाला देऊन टाकली. प्राचार्यांनी त्यांना हार घालून फोटो काढून घेतला. नंतर लक्षात आलं, की आपल्या नेहमीच्या कॉम्प्युटरवरचं काहीही त्यांच्यावर चालत नाही, कारण त्यांची ऑपरेटिंग सिस्टिमच वेगळी. आणि सी भाषेचा कंपायलर, म्हणजे मुलांनी लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला समजेल अशा रूपात आणून देणारा प्रोग्रॅम, तो मशीन बनवणाऱ्या कंपनीकडून वेगळा विकत घ्यावा लागत होता. ती किंमत आमच्यासारख्यांनी विचारायची नव्हती. दुसरीकडे, कॉम्प्युटरचा अभ्यासक्रम आमच्याकडे नवा होता आणि पुढच्या वर्षी तपासणी समिती येणार होती. चालती प्रयोगशाळा दिसली नाही तर मान्यता जाणार, हे प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं. आमच्याकडे घिवली-सातपाटीची मुलं होती, विक्रमगड-जव्हारकडची होती. त्यातली कुणीही मुंबईला जाऊन शिकणार नव्हती. आमचा वर्ग बंद झाला असता तर ती घरी बसली असती.

"एक फुकटचा कंपायलर आहे," बाई स्टाफरूममध्ये म्हणाल्या. "परदेशातल्या लोकांनी मिळून लिहिलाय आणि मूळ लिखाण, सोर्स म्हणतात ते, सगळ्यांना देऊन टाकलंय. आपण तो आपल्या मशीनवर बांधू."

त्यांची एक मैत्रीण मुंबईच्या संशोधन संस्थेत होती. तिने ते सगळं टेपवर भरून दिलं. अडचण एवढीच, की ते लिहिलं गेलं होतं दुसऱ्याच सिस्टिमवर, आणि आमच्या मशीनच्या त्या आवृत्तीवर कुणी बांधून पाहिल्याचं आमच्या तरी ऐकिवात नव्हतं. मला तर वेगळीच शंका होती. मी विचारलं, "बाई, कंपायलर बांधायलाच कंपायलर लागतो ना?"

"लागतो. मशीनबरोबर एक अर्धामुर्धा आलाय, त्याच्या सिस्टिमची जोडणी करण्यापुरता. नव्या पद्धतीचं सी त्याला कळत नाही. पण विरजणाला चमचाभर दही पुरतं की नाही?"

ते दिवस मजेचे होते. मुख्य कंपायलरच्या आधी बरीच बारीकसारीक अवजारं बांधावी लागत होती. फायली उलगडणारं एक, कुठलं काम कुठल्या क्रमाने करायचं ते पाहणारं दुसरं. ती सगळी दुसऱ्या घरी वाढलेली होती. इथे आल्यावर त्यांना नेहमीची वस्तू नेहमीच्या जागी सापडायची नाही आणि काम थांबायचं. बाई म्हणायच्या, "नव्या घरात मीठ नाही असं होत नाही गं. डबा कुठला ते कळत नाही, एवढंच." आणि त्या तो डबा शोधायच्या. शोधताना काहीतरी गुणगुणत असायच्या, सूर फारसा नसायचा. जेवायच्या सुट्टीत सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी. डबा पुढे करून म्हणायच्या, "घे. मग हात धू नीट, नाहीतर कीबोर्डला वास येतो."

शनिवारी राऊत साहेब स्कूटरवरून त्यांना न्यायला यायचे. ते तारापूरला एका रसायनांच्या कारखान्यात शिफ्टचे प्रमुख होते. दारात उभे राहून विचारायचे, "काय, फुकट मिळालंय म्हणता, मग एवढी मेहनत कसली?"

"तुम्हीही मला फुकटच मिळालात," बाई म्हणायच्या. "तुमच्यावर काय कमी मेहनत घेतली?"

ते मान मागे टाकून हसायचे. त्यांचं हसणं खालच्या मजल्यावर ऐकू जायचं.

पुढे जे झालं ते दुपारच्या पाळीत झालं. कारखान्यातली एक टाकी साफ करायला उतरलेला कामगार आत साचलेल्या वायूने बेशुद्ध पडला. राऊत साहेब त्याला काढायला उतरले. त्यांनी त्याला वर ढकललं, वरच्यांनी ओढून घेतलं. त्यांना स्वतःला काढेपर्यंत मात्र उशीर झाला होता. जीव वाचला. मुंबईच्या इस्पितळात ते कितीतरी महिने होते. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या. डोळे उघडे असायचे. तोंडात घास ठेवला की गिळायचे. समोर कोण आहे, हे मात्र त्यांना कळत नव्हतं.

ते घरी आल्यावर लगेचच बाई कामावर हजर झाल्या. इस्त्रीची साडी, खांद्याला नेहमीची पिशवी. आम्ही सगळे उभे राहिलो. मी म्हटलं, "बाई, थोडे दिवस घरी राहायचं होतंत."

"सासूबाई आहेत घरी," त्या म्हणाल्या. "टेप कुठे ठेवलीस?"

त्यांच्या आवाजातून काहीतरी गेलं होतं. चढ नव्हता, उतार नव्हता. गुणगुणणं बंद झालं. डबा आता माझ्यापुढे करत नसत, पण मी हात घातला तर नाही म्हणत नसत. स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, बाई दगडाची आहे. खरं तर त्यांच्याजवळ बसून बसून मलाही तसंच व्हायला लागलं होतं. वाईट वाटायला हवं, हे कळत होतं. वाटत नव्हतं.

त्यांचा दिवस ठरलेला असे. सकाळी दोन तास शिकवायच्या, मग मशीनसमोर बसायच्या. पहिली एरर वाचायची, एक ओळ बदलायची, पुन्हा सुरू करायचं. जुनं मशीन, एकेका फेरीला दिवस सरायचा. मध्येच वीज गेली की सगळं पहिल्यापासून. मी वैतागायचे. त्या वैतागत नसत. वीज येईपर्यंत हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसायच्या आणि दिवे लागले की पुन्हा तेच हात कीबोर्डवर ठेवायच्या. घिवलीची भानू नावाची विद्यार्थिनी त्यांच्याजवळ घुटमळत असायची. ती एकदा म्हणाली, "बाई, ह्या मशीनला आपलं काय समजत नाय. आमी कवा शिकनार?"

"नाय समजत," बाई तिच्याच बोलीत म्हणाल्या. "पन काय नाय समजलं, ता तरी सांगते ना."

एका रविवारी मी केळव्याला गेले. नारळी-पोफळींच्या वाडीतलं बैठं घर. ओटीवर सासूबाई सुपाऱ्या निवडत बसल्या होत्या. आतल्या खोलीत राऊत साहेब उशांना टेकून बसवलेले होते आणि खाकी पँट घातलेला एक माणूस त्यांच्या गालांना साबण लावत होता. बाई पाण्याचं भांडं धरून उभ्या होत्या.

"साहब, पहचाना?" तो माणूस विचारत होता. "हम रामसूरत. पहचाना ना?"

टाकीतून ज्याला वर ढकललं होतं, तो हा. बोईसरला चाळीत राहायचा आणि दर रविवारी साहेबांची दाढी करायला यायचा. दाढी झाली की गाल टॉवेलने टिपायचा, पुन्हा एकदा तेच विचारायचा, थोडा वेळ उत्तराची वाट बघायचा आणि मग बाईंना म्हणायचा, "भाभी, अगले इतवार आता हूँ." त्या मान हलवायच्या.

तो गेल्यावर मी ओटीवर येऊन बसले. सासूबाईंनी सुपारीवरची नजर न काढता म्हटलं, "ती काय बोलत नाय नि मी पन काय बोलत नाय. आमी दोघी रडायला लागलो, तं त्याला भरवनार कोन?"

बाई मला स्टेशनच्या रिक्षापर्यंत सोडायला आल्या. वाटेत मी विचारलं, "त्याला बघून तुम्हाला राग येत नाही?"

त्यांनी वाटेत पडलेली झावळी उचलून कुंपणाला टेकवली. मग म्हणाल्या, "यायला हवा. मी शोधून पाहिला. सापडत नाही."

दरम्यान प्राचार्य खोली मागायला लागले होते. ते वाईट गृहस्थ नव्हते. समितीची तारीख जवळ येत होती आणि मशीनं नुसती घुमत होती. एके दिवशी ते दारात येऊन म्हणाले, "बाई, तुमच्या घरी एवढं सगळं चाललंय. हे आता राहू द्या. मी या खोलीत बाकं टाकतो, काहीतरी दुसरं दाखवू."

"दुसरं काय दाखवणार, सर?"

प्राचार्य दारातूनच परत फिरले.

दिवाळीच्या सुट्टीआधी कंपायलर बांधून झाला. म्हणजे मला वाटलं, झाला. मी टाळी वाजवली. बाई म्हणाल्या, "थांब. अजून त्याची परीक्षा आहे." मग त्यांनी मला ती समजावून सांगितली. अर्ध्यामुर्ध्या कंपायलरने बांधलेला हा पहिला. त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही, कारण ज्याने बांधला त्याच्यातच खोट असू शकते. म्हणून या पहिल्याकडून तेच लिखाण पुन्हा बांधून घ्यायचं, तो दुसरा. दुसऱ्याकडून पुन्हा तेच, तो तिसरा. दुसरा आणि तिसरा अक्षरन् अक्षर सारखे निघाले, तर समजायचं की आता तो स्वतःच्या पायावर उभा आहे.

ते सारखे निघाले नाहीत. एकही फाइल जुळेना. प्रत्येक फायलीत कुठेतरी फरक होताच.

सुट्टीत कॉलेज रिकामं होतं. बाई रोज यायच्या, म्हणून मीही यायचे. त्यांनी पहिल्यापासून सगळं पुन्हा बांधलं. तरी फरक. एकेक भाग सुटा करून पाहिला. तरी फरक. मी म्हटलं, "बाई, मुलांचे प्रोग्रॅम तर नीट चालतायत. समितीला कुठे कळणार आहे?" त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "मला कळतंय ना."

शेवटी त्यांनी एक अगदी लहान फाइल घेतली, दोन्हीकडची, आणि तिच्यातले आकडे कागदावर छापून शेजारी शेजारी ठेवले. पट्टी सरकवत सरकवत वाचत गेल्या. वाचता वाचता थांबल्या. सगळा मजकूर सारखा होता. फरक फक्त सुरुवातीच्या चार-दोन आकड्यांत होता. आमची सिस्टिम प्रत्येक फायलीच्या कपाळावर ती कधी तयार झाली ती वेळ लिहून ठेवायची. ज्या सिस्टिमवर हे सगळं लिहिलं गेलं, तिथे तशी पद्धत नव्हती. त्यामुळे तपासणी करणाऱ्या प्रोग्रॅमला ते माहीत नव्हतं. वेळेचे आकडे वगळून त्यांनी पुन्हा ताडून पाहिलं. सगळ्या फायली जुळल्या.

"काहीच चुकलेलं नव्हतं गं," बाई म्हणाल्या. "वेळ तेवढी वेगळी होती."

मला हसू आलं. एवढे दिवस आम्ही नसलेली चूक शोधत होतो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पट्टी खाली ठेवली, कागद सरळ केले, आणि इकडेतिकडे बघून मला म्हणाल्या, "आता काय करू मी?"

मी म्हटलं, "घरी जा, बाई. आज लवकर जा."

"घरी," त्या म्हणाल्या आणि तशाच बसून राहिल्या. मग मीच त्यांची पिशवी उचलली.

समिती आली. त्यातल्या एका गृहस्थांनी भानूला एक प्रोग्रॅम लिहायला सांगितला. तिने लिहिला. पहिल्या खेपेला एरर आली. तिने ती मोठ्याने वाचली, दुरुस्त केली आणि पुढच्या खेपेला उत्तर पडद्यावर आलं. गृहस्थांनी विचारलं, "हा कंपायलर कुठून घेतलात?" प्राचार्य म्हणाले, "आमच्या बाईंनी इथे बांधलाय." मान्यता राहिली. बाईंनी आमच्या मशीनसाठी केलेले सगळे बदल त्या मुंबईच्या मैत्रिणीमार्फत परदेशी पाठवून दिले. आपल्यासारखं मशीन आणखी कुणाकडे असेल तर त्याला पुन्हा खपायला नको, म्हणाल्या. तिकडच्यांनी ते ठेवून घेतल्याचं कळवलं. प्राचार्यांनी पेढे वाटले. बाईंनी त्यांचा पेढा कागदात बांधून घरी नेला. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, तर म्हणाल्या, "दुधात कालवून भरवला. खाल्ला त्यांनी."

राऊत साहेब त्यानंतरच्या भादव्यात गेले. फोन कॉलेजच्या ऑफिसात आला. बाई प्रॅक्टिकल घेत होत्या. शिपायाने येऊन त्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी हातातला खडू पेटीत ठेवला, माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "शैला, माझी बॅच बघशील? भानूचं अजून तपासायचं राहिलंय." मग छत्री घेऊन गेल्या. संध्याकाळी आम्ही सगळे केळव्याला पोहोचलो. रामसूरत अंगणात बसून मोठमोठ्याने रडत होता. सासूबाई भिंतीला टेकून होत्या. बाई आल्यागेल्याला बसायला जागा करून देत होत्या. रामसूरतजवळ जाऊन त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला पाण्याचा तांब्या दिला. "पियो," म्हणाल्या. "सुबह से कुछ लिया नहीं तुमने."

पुढच्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीने त्यांना बोलावलं. जुन्या सिस्टिमवरचे प्रोग्रॅम नव्या सिस्टिमवर आणून बसवायचं काम होतं, आणि त्यांच्यासारखी माणसं मिळत नव्हती. मला वाटलं, सासूबाई वाडी सोडणार नाहीत. पण त्याच आधी तयार झाल्या. "वाडी भावकी बघील," त्या म्हणाल्या. "हिला एकटी कशी धाडू? ती जेवत नाय, कोन समोर बसल्याबिगर." पालघर स्टेशनवर आम्ही त्यांना गाडीत बसवून दिलं. बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला, माझ्या हातावर ठेवला आणि सिग्नल पडल्यावर काढून घेतला.

त्यांचा कंपायलर आमच्याकडे पुढे बरीच वर्षं चालला. नंतर साधे, वेगवान कॉम्प्युटर स्वस्त झाले आणि ती जड मशीनं भंगारात गेली. भानू बोईसरला एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागात लागली होती. भंगाराचा ट्रक निघाला तेव्हा ती आली होती. आम्ही दोघी फाटकापाशी उभ्या राहिलो, ट्रक रस्त्याला लागला, मग ती कामावर गेली आणि मी वर्गात.

ते दशक संपता संपता मी एका प्रशिक्षणासाठी पुण्याला गेले होते. तेव्हा बाईंकडे गेले. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. सासूबाई आदल्या वर्षी गेल्या होत्या. बाईंचे केस पांढरे झाले होते, पण बोलणं तसंच होतं, समतल. कामाबद्दल बोलल्या. मी मशीनं भंगारात गेल्याचं सांगितलं. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "किती दिवस ठेवणार?" त्यांनी भात आणि बोंबलाचं कालवण केलं होतं. समोरासमोर पानं घेतली. मला वाढलं. स्वतःच्या पानात भात वाढायला लागल्या आणि हात मध्येच थांबला.

आधी मला वाटलं, काही आठवलं असेल. मग त्यांचे खांदे हलताना दिसले. हातातला डाव त्यांनी पातेल्यात ठेवला आणि त्या रडायला लागल्या. आवाज करून, लहान मुलासारख्या, तोंड न झाकता. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. मी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्या माझ्या अंगावर रेलल्या. खाली रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. शेजारच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या झाल्या. कितीतरी वेळाने त्यांचं रडणं ओसरलं.

त्यांनी पदराने तोंड पुसलं, नाक पुसलं. त्यांचा चेहरा सुजल्यासारखा झाला होता आणि कितीतरी वर्षांनी तो मला ओळखीचा वाटला.

"बघ," त्या म्हणाल्या. आवाज चिरकत होता, वर जात होता, खाली येत होता. "तुझं कालवण गार झालं. आण इकडे, गरम करून देते."